टिटवीवरचा बंब

बामणोलीच्या धक्क्यावर लाँचवाला संकपाळ हसला,
"चारी अंगानं पाणी, आन् तू पाण्यात नळ जोडाय निघालास?"
मी पान्ह्यांची पिशवी मांडीवर घेतली.
पौषातली सकाळ. शिवसागरावर वाफ उठलेली,
बघायला ऊन, हात घातला की बोटं बधिर.

टिटवी म्हणजे मोहिले साहेबांची शिडाची होडी.
शीड गुंडाळून बांधलेलं,
लग्न उरकल्यावरच्या सतरंजीसारखं.
साहेब तीस वर्षं जहाजांच्या इंजिनखोलीत होते.
आता गुडघा वळत नाही,
आणि बंब बसवलाय जिन्याखाली, इंजिनाच्या पाठीला,
जिथं मांजर शिरेल, नाहीतर मी.

"पावसाळ्याआधी मीच सगळं सोडवलं," ते म्हणाले,
"प्रत्येक नळीला चिठ्ठी बांधून ठेवलीय."
चिठ्ठ्या होत्या.
शाई उडून गेली होती.
चार तोंडं, चार नळ्या, चार कोरे कागद.

उताणा शिरलो. बॅटरी दातात.
डिझेलचा वास, कपाळाला टेकलेला एक बोल्ट.
मेढ्यात मी दोनशे बाथरूम जोडली असतील,
पण घर जागचं हलत नाही.
इथं लांबून एक लाँच गेली
की नट पान्ह्यापासून सरकतो,
रुसलेल्या पोरासारखा.

साहेब वरून सांगत होते, फळीवर बोटानं आकृती काढत,
जणू मला फळीतून दिसणार होती:
"इंजिनाचं हिरवं पाणी वेटोळ्यातून फिरतं.
प्यायचं पाणी त्याच्या भोवती, टाकीत.
मध्ये तांब्याचा पत्रा.
एक दुसऱ्यात कधी मिसळत नाही,
फक्त ऊब देतं."
"न शिवता?"
"न शिवता."

मी क्लिप आवळत राहिलो.
आईच्या गावाला दोन पाणवठे होते.
वरचा त्यांचा, खालचा आमचा.
मध्ये तांब्याचा पत्रा नव्हता, नुसती एक पायवाट,
आणि ऊब कुणी कुणाला दिल्याचं
आईनं कधी सांगितलं नाही.
धरण झालं. गाव उठलं.
दोन्ही पाणवठे आता ह्या होडीच्या खाली कुठंतरी
एकाच पाण्यात आहेत.
कुणी विटाळ धरला नाही. कोण धरणार?

"झालं का रे?"
"झालं साहेब."

झालं नव्हतं.
इंजिन धडधडलं, साहेबांनी गरम नळ सोडला,
नळ खोकला, फुसफुसला,
एक गांडूळ टाकल्यासारखी तांबूस धार टाकून गप्प झाला.
नळीत हवा अडकलेली.
परत आत. उंचावरचा जोड सैल केला,
हवा शिट्टी वाजवत गेली,
मागोमाग पाणी, थेट माझ्या बनियनमध्ये.
साहेब खो खो हसले, मग खोकले,
मग पुन्हा हसले.

दुसऱ्यांदा गार नळाला गरम आलं.
माझी चूक. कोऱ्या चिठ्ठ्यांची नाही, माझीच.
दोन तोंडं अदलाबदल केली, टेफलॉनचे सात फेरे दिले.
एका जोडातून थेंब येत होता.
पाव आटा आवळला. थांबला.
आणखी आवळावंसं वाटलं,
हात मागं घेतला. तिथंच आटे मरतात.

तिसऱ्यांदा आलं.
आधी कोमट, मग बोट मागं घ्यावं इतकं.
साहेबांनी स्वतःचे हात पुढं केले नाहीत.
बाजूला सरकले, नवा साबण फोडला,
"पहिलं तू."

काळं ग्रीस मनगटापर्यंत होतं.
वेळ लागला.
ते पाणी बेसिनच्या भोकातून नळीत,
नळीतून तळ्यात उतरलं,
खाली, जिथं दोन पाणवठे आहेत,
आणि तिथवर पोचेस्तोवर गारच झालं असणार,
एवढं मला कळतं. मी प्लंबर आहे.

परतीच्या लाँचमध्ये वारा सुटला.
संकपाळनं मफलर कानाशी ओढला, विचारलं,
"आलं का मग गरम?"
मी काही सांगितलं नाही.
उजवा तळवा त्याच्या मानेवर ठेवला.
तो दचकला.
मग सुकाणू धरून तसाच बसला,
मान न हलवता.